होली तिथंच रोवायची

मी मिठागरावरची, बाय. माहेर खाडीच्या त्या अंगाला, सासर या उरणच्या अंगाला, मधी नुसतं पानी. बाप मीठ वढायचा, आय मीठ वढायची, मीबी वढलं, हे पाय बघ, तवापासनं भेगाललेत ते आजून तसंच हायत. शाला न्हाय, काय न्हाय.

लगीन होऊन आले न पयल्याच शिमग्याला सासू म्हनाली, चल सूनबाय, नवऱ्याबरोबर होलीला पाच फेरं मारायचं, पेटवायच्या आधी, नव्या जोडप्याचा मान हाय. होली कुठं, तर गावाभायेर खाडीकडच्या मालावर. सगल्या गावाची एकच. गडी रोवायला सावरीच्या झाडाचं लाकूड खांद्यावरनं आनायचं, आम्ही बाया गानी म्हनत मागनं. आमचा म्हातारा तवा तरना, न लाजरा असा की फेरं मारताना पुढं पुढं पलायचा. सासू वरडली, अरं हलू, बायको मागं ऱ्हायली! सगला गाव हसला.

त्याच मालावर पुढं शहराचा कचरा आला. पुढारी म्हनाले थोड्या दिसांसाठी हाय. थोडं दिस! काय सांगू तुला, माझी पोरं त्या वासात जन्मली न त्या वासात मोठी झाली. पोरीला बघायला आलेली मानसं नाकाला रुमाल लावून च्या न पिता उठली. विहिरीचं पानी कालं, वर तेलाची साय. उन्हाल्यात तो कचऱ्याचा डोंगर आपसूक पेटायचा, धूर सरल चुलीपाशी. न होली आम्ही रस्त्याच्या कडंला पेटवायची, कंटेनरवाले हॉर्न मारायचे, घाई करा म्हनायचे. देवाला घाई करतात काय?

आम्ही बाया डंपरापुढं जाऊन बसलो. डायवर म्हनाला, मावशी उठा, माझीबी नोकरी हाय. म्हटलं मग बस तूबी, च्या पी. बसला बिचारा. असं कितीदा बसलो, तवा कुठं वरनं हुकूम आला, डंपर बंद झालं न साफसफाई सुरू झाली. मोठ्या मशिनी, त्यांना चालन्या, माती इकडं प्लास्टिक तिकडं. मीबी हातमोजे घालून प्लास्टिक येचायला कामावर लागले. शेजारीन म्हनाली, जनाबाय, घानीला शिव्या घालायचीस न आता तिचाच पगार खातेस? म्हटलं व्हय, माझी जागा हाय, मीच साफ करनार.

पन सगलं न्हाय निघालं. होलीच्या जागेवर कचरा लय खोल, तो तसाच ठेवला, त्यावर जाड कापड, वर माती, वर गवत, न मधी मधी पाइप उभे केले, आत सडतंय त्याचा गॅस भायेर जायला. न मग बोर्ड लागला, बगीचा.

साफसफाईच्या साहेबाला इचारलं, आमची होली कुठं? तरना मानूस, बोलायला चांगला. म्हनाला, मावशी, इथं इस्तव पेटवून चालनार न्हाय, खाली गॅस हाय, भडका उडंल. म्हटलं, गॅस कोनाचा रे? कचरा तुमचा, वास आम्ही घेतला, न आता होलीबी आमचीच बंद? त्यानं गवतातला पाइप दाखवला. मग म्हनाला, मी खोटं न्हाय सांगत. ते मना कललं, त्या डोंगराला पेटताना मी बघितलंय, पोरासोरांच्या जिवाशी कोन खेलंल? पन म्हनून जागा सोडू? न्हाय सोडनार.

गावकी बसली. मानसं म्हनाली रस्त्यावरच बरं हाय. मी उठले, म्हटलं, पेटवा रस्त्यावर, पन रोवायची तिथंच, फेरं तिथंच. एक जन म्हनाला, न पेटवता कसली होली, काकी? म्हटलं, फेरं तू पेटल्या जालात मारलेस का रे? सगलं हसलं, न ठरलं.

साहेब म्हनाला, खड्डा न्हाय खनायचा, खालचं कापड फाटंल. मग आम्ही ड्रम आनला, खाडीची चिकन माती न दगड त्यात ठासलं, मिठागराचा बांध ठासतो तसं, न त्यात सावर उभी केली. गेटवरचा म्हनतो, परवानगी? म्हटलं, गेट आत्ता आलं, आम्ही कवाचं हाय. उघडलंन. नव्या जोडप्यानं फेरं मारलं, आम्ही गायलो, मग गड्यांनी तीच सावर खांद्यावर घेऊन रस्त्यावर आनून पेटवली. आता दर शिमग्याला असंच.

साहेब म्हनतो गॅस सरायला लय वर्सं लागतील. लागू दे. मी नसंन, पन माझी नात हाय, ती काडी लावंल, तिथंच.

तूबी ये शिमग्याला. लगीन झालं तर दोघं या, न्हाय तर एकटी ये, सुखाची ऱ्हा. एकटीनं फेरं मारलं तरी चालतंय, बाय. मीबी आता एकटीच मारते. आमचा म्हातारा काय, तवाबी पुढं पलायचा, आताबी पुढंच गेला. जाऊ दे. माझं फेरं मी पुरं करते.