आजोबांचे पाच

बाळाच्या लसीसाठी मी दवाखान्यात बसले होते. शेजारच्या बाकावर पोट धरून बसलेले आजोबा, त्यांना सावरणाऱ्या आजी, आणि समोर कागद घेऊन उभी नर्स.

"आजोबा, दहापैकी किती दुखतंय?"

"पाच."

"सकाळी चार म्हणालात. एकानेच वाढलंय, बसा जरा."

"अगं बाई, यांनी जन्मभर भूकंप मोजलेत! यांचा एक आकडा वाढला की हादरा दहापट!"

"मग सरळ दहा सांगा ना, लगेच आत घेते."

"दहाचा पृथ्वीवर अजून झालेला नाही."

"माझ्या बाळंतपणात मी नऊ म्हणत होते, यांनी साडेसात लिहायला लावले!"

"नोंद तेवढीच होती."

"बरं, आत्ता किती, आजोबा?"

"सहा."

"अगं बाई, सकाळच्या शंभरपट! स्ट्रेचर आणा!" नर्स आत बघून ओरडली.