काय म्हणतंय इंजिन?

इंजिनाचं काम कुठं शिकलात, असं कुणी विचारलं की मला कासीम मिस्त्री आठवतात. निजामाच्या राज्यात तेर गावाजवळच्या एका कापसाच्या जिनिंगचं तेलइंजिन ते सांभाळायचे आणि मी त्यांच्या हाताखाली शिकत होतो. लाकडी दांडीचं एक टोक चालत्या इंजिनाला आणि दुसरं माझ्या कानाला लावून ते विचारायचे, "बोल, काय म्हणतंय?" मी बोट दाखवीन तिथं ते उघडून बघायचे. बिघाड दुसरीकडंच निघाला की मला टपली बसायची.

एकदा इंजिन मोठ्यानं खडखडायला लागलं. मिस्त्री निवांत पान लावत बसले होते. मला वाटलं, परीक्षाच घेतायत. तेवढ्यात मालक धावत आले आणि ओरडले, "मिस्त्री, एवढी खडखड! बहिरे झालात काय? तसं असंल तर उद्यापासून दुसरा माणूस बघतो."

मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं. त्या एका नजरेत मला सगळं उमगलं.

"मालक, ते माझी परीक्षा घेतायत," मी म्हणालो. इंजिन बंद करून चाकाची ढिली पाचर ठोकून बसवली. पुन्हा सुरू केलं, तर खडखड गेलेली. मालक खूश होऊन गेले.

मग मी मिस्त्रींच्या कानाशी वाकून ओरडलो. "तुम्हाला तर इंजिन ऐकूच येत न्हाय! दोन वर्षं मला वाटलं, तुम्ही मला शिकवताय. आणि तुम्ही तर माझ्याच कानानं ऐकत होता."

मिस्त्रींनी लावलेलं पान माझ्या हातावर ठेवलं.

"मंग दोन वर्षं काय करत हुतो रं?"