कापडातनं गर्भ ऱ्हात न्हाय

माझा जन्म गारगोटीच्या अलीकडं एका वाडीतला. बाप बैलाला आणि आईला एकाच चाबकानं मारायचा, पुढं बैल विकला पण चाबूक ठेवला, आता काय सांगू तुम्हाला. बाप मेल्यावर चुलत्यानं आम्हाला ठेवून घेतलं न्हाय, म्हणून आई आम्हा दोघा भावंडांला घेऊन इचलकरंजीला आली, मी यंत्रमागाच्या शेडात कांड्यांवर सूत भरायला लागले आणि माझा धाकटा भाऊ बाळासो मोठा झाल्यावर मागावर लागला. माझं लगीन झालं, नवऱ्यानं दोन दात पाडले, तिसऱ्याची वाट न बघता मी वेगळी खोली केली. मूलबाळ न्हाय. रडायचं ते तेव्हाच रडून घेतलं.

बाळासोला बघितलासा तर म्हणाल लई गरीब माणूस. दारू न्हाय, तंबाखू न्हाय, खोटं बोलणं न्हाय. पण हात बापाचा. त्याची लेक स्नेहल, बाविशीतली, मेंडिंगला जाते, म्हणजे विणून आलेलं कापड उजेडावर धरायचं, कुठं धागा तुटलाय, कुठं भोक पडलंय बघायचं आणि सुईनं सांधायचं. नजर अशी की माशीच्या पंखाला भोक असलं तर सांगंल. तिचा साखरपुडा झालता, पोरगा शाहूपुरीत मोबाइलच्या दुकानात कामाला. लगीन ठरलेली दोघं एका दुपारी त्याच्या मित्राच्या खोलीवर बसली. मर्जीनं बसली, कुणी कुणाला ओढलं न्हाय. अंगावरची कापडं निघाली न्हाईत, पण जवळ आली, आणि त्याचं व्हायचं ते तिच्या सलवारीवर झालं. एवढंच.

आणि त्या महिन्यात तिची पाळी चुकली. आता आम्ही पडलो कापडाची माणसं. ही पोरगी दिवसभर कापडातनं उजेड बघणारी, तिच्या डोक्यात बसलं की असं एक कापड न्हाय ज्याला भोक न्हाय, पाणी झिरपतंय तर हे का झिरपणार न्हाय. कुणाला विचारायची सोय न्हाय. खाणं सुटलं, झोप सुटली. तिच्या आईच्या, सुमनच्या, ध्यानात आलं, कारण त्यांच्यात पाळीला बाजूला बसायची रीत हाय आणि ही महिनाभर देवाम्होरचा दिवा रोज लावत होती. सुमननं खोदून विचारलं, तर पोरगीनं सरळ सांगितलं, मला दिवस गेल्यात. कसं, कुठं, काय, ह्यातलं कायबी न विचारता सुमननं ते नवऱ्याला सांगितलं.

घरात एक जुना धोटा होता, मागातला, लाकडाचा, दोन्ही टोकांला लोखंडी अणी, खिडकीच्या फळीला टेकू म्हणून ठेवलेला. बाळासोनं तोच उचलला. सुमनचा फोन आला, आक्का पळ, मारतोय. माझं शेड मागच्याच गल्लीत. मी पोचले तर पोरगी मोरीच्या कोपऱ्यात, कपाळ फुटलेलं, रगात डोळ्यात, आणि डावा हात डोक्यावर धरलेला. माझ्यासमोर त्यानं त्याच हातावर घाव घातला. हाड मोडल्याचा आवाज मागाच्या खडखडाटातनं आलेल्या बाईलाबी ऐकू आला, म्हणजे बघा. दारात पितळी कळशी होती, अर्धी भरलेली, ती उचलून मी त्याच्या पाठीत घातली. पडला. उठायला लागला तवा धोटा माझ्या हातात होता. म्हटलं, उठ, आता अणी कुठं लागतीय ते तुलाबी कळू दे.

तो खाली बसून म्हणतोय, तिचं पोट काढा न्हायतर मी तिलाच काढतो. सुमन म्हणती, सीमेपलीकडं कर्नाटकात एक बाई हाय, काडी घालून मोकळं करते, आजच नेऊ या. काडी म्हटल्यावर माझं डोकं फिरलं, माझी चुलतजाऊ तसल्याच काडीनं मेली, आत सडून, वासानं खोलीत थांबवत नव्हतं. रिक्षा बोलावली आणि पोरगीला सरकारी दवाखान्यात नेली.

तिथली डॉक्टरीण माझ्यापेक्षा कडक. मला बाहेर काढलं, पोरगीला एकटीला सगळं विचारलं, मग तिच्याच परवानगीनं मला आत घेतलं. लघवी तपासली, गर्भ न्हाय. पाळी का चुकली तर अंगात रक्त न्हाय, पोटात अन्न न्हाय आणि जिवाला धसका. मग म्हणाली, नीट ऐका दोघी. वीर्य योनीत गेल्याशिवाय गर्भ धरत न्हाय. कपड्यावर पडलेलं कापडातनं आत पोचत न्हाय, मिठी मारून, मुके घेऊन काय होत न्हाय. पण अंगावर कापड नसंल आणि अगदी योनीच्या तोंडाशी पडलं, न्हायतर ओल्या बोटानं आत गेलं, तर धोका थोडा असतो, पण असतो. तसं झालं तर तीन दिवसांच्या आत गोळी घ्यायची, जेवढी लौकर तेवढी बरी, आणि पाळी चुकली तर अंदाज बांधत बसायचं न्हाय, तपासायचं. आणि गर्भ असता तरी दवाखान्यात कायद्यानं मोकळं होता येतं, काडीनं मरायची गरज न्हाय. स्नेहल विचारते, पण मॅडम, कापडाला भोकं असत्यात की. डॉक्टरीण हसली न्हाय. असूं देत, म्हणाली, त्यातनं वाट काढत आतवर कोण जात न्हाय.

मग हाताला प्लास्टर घातलं, कपाळाला टाके घातले आणि पोलिसांत कळवावं लागंल म्हणाली. कळवा, म्हटलं. बाळासोला चौकीत बोलावलं, लिहून घेतलं. पोरगीला मी माझ्या खोलीवर आणली. पाळी चुकल्याचं तिनं कळवल्यापास्नं त्या होणाऱ्या नवऱ्यानं फोन उचलला नव्हता, गर्भ न्हाय कळल्यावर त्याचा फोन आला, लगीन करूया. तिनं नंबरच काढून टाकला.

प्लास्टर निघायच्या आधी बाळासो आला. मटणाचा डबा घेऊन आलता. दारातच बसला, म्हणाला आक्का, माझं चुकलं, पोरगी चांगली निघाली, तिनं तसलं काय केलंच नव्हतं, पाठव घरी. स्नेहल आतनं बाहेर आली. आवाज चढवला न्हाय तिनं. म्हणाली, आबा, पोट नव्हतं म्हणून तुम्ही डबा आणलासा. असतं तर?

त्यानं वर बघितलं, खाली बघितलं. मला वाटलं आता तरी खोटं बोल की मर्दा, एकदा. पण त्यो खोटं बोलत न्हाय. उठला आणि गेला. डबा मी परत दिला.

आता ती माझ्यापाशी ऱ्हाते. हात जरा वाकडा बसलाय, सुई धरताना कोपर उचलून धरावं लागतंय, पण काम करते. मेंडिंगच्या पोरींला डॉक्टरणीनं सांगितलेलं सगळं सांगते, त्या तोंडावर कापड घेऊन हसत्यात पण कान देऊन ऐकत्यात. बाळासो रस्त्यात भेटला तर मी बोलते, भाऊ हाय माझा. ती बोलत न्हाय. बोल, असं मी तिला म्हटलं न्हाय आणि म्हणणार न्हाय. चला, माझी शिफ्ट सुरू व्हायची वेळ झाली. तुमच्याबी घरात लेकी असतील, जित्त्या-जागत्या ऱ्हाऊ देत.