नारायणदादांची दोन फावडी

मंडळी, बाहेर उभे आहात त्यांनी थोडं आत सरका. शेड लहान आहे, माणसं जास्त आली आहेत. इंजिनाजवळ उभं राहिलात तरी चालेल, दादांनी कधी कुणाला हटकलं नाही. फक्त हात लावू नका. आज ते गरम आहे. का गरम आहे, ते शेवटी सांगतो.

मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस. दिघ्याच्या एका कारखान्यात फिटर. भाषण कधी केलं नाही. त्यात नारायणदादा पाटील 'होते' असं म्हणायचं, तर जीभ अडते. म्हणून आठवतं तेवढंच सांगतो.

दादांचा रेल्वेशी काय संबंध? काही नाही. बोनकोड्याचे मूळ रहिवासी, चाळीचे मालक. घरावर मजला चढवायचा होता म्हणून लोखंडी गर्डर बघायला भंगारवाल्याकडे गेले. तिथं हे वाफेचं छोटं इंजिन कापायला काढलेलं. कुठल्याशा बंद कारखान्याच्या आवारात डबे ओढायचं. दादांनी ते ट्रेलरवर चढवून घरी आणलं.

दादांची बायको, आमच्या काकू, दारात उभ्या. "गर्डर कुठं हाय?"

"ह्यो काय. जरा मोठा मिलाला."

"आनि वरचा मजला?"

"तो नंतर. आधी हिला छप्पर देऊ."

काकू, हसताय ना? हसा. मजला अजून झाला नाही, शेड मात्र झाली.

मग रविवारी एकेक जण येऊ लागला. तळोज्याहून शौकतभाई आले, वेल्डिंगचं सामान घेऊन. ऐरोलीच्या कंपन्यांतली माणसं आली, गंज खरवडायला. मी आलो. पगार कुणालाच नव्हता. जेवण मात्र होतं.

त्या जेवणाची आमची एक रीत आहे. जुने इंजिनवाले कोळशाचं फावडं धुऊन घ्यायचे, भट्टीच्या तोंडात धरायचे आणि त्यावरच रांधायचे. बॉयलरची तपासणी पार पडली, पहिल्यांदा वाफ धरली, त्या दिवशी दादांनी फावड्यावर सुके बोंबील मांडले. भट्टीत धरले. आणि तेवढ्यात शौकतभाईंनी ब्लोअर उघडला! ब्लोअर उघडला की वाफ चिमणीतून जोरात सुटते आणि भट्टी समोरचं सगळं आत ओढते. बोंबील गेले. सगळे गेले. दादांच्या हातात कोरं फावडं.

"शौकत! आरं, माजा जेवान!"

"दादा, इंजिनाला पहिला घास दिला असं समजा."

चिमणीतून असा वास सुटला की बोनकोड्यातली मांजरं रांगेनं इंजिनाखाली येऊन बसली. दादा म्हणाले, "बघा, आपले पहिले पॅसेंजर."

मी माळकरी. त्या दिवशी घरचा डबा घेऊन कोपऱ्यात बसलो होतो. दादांनी ते पाहिलं. पुढच्या रविवारी शेडमध्ये दुसरं फावडं टांगलेलं. दांड्याला पांढरा रंग. "माळकरी, ह्यो तुजा. याला बोंबलाचा वास पन लागनार नाय." त्यावर माझ्यासाठी वांगं भाजलं, भरीत केलं. एकदा कुणीतरी त्या फावड्यानं राख ओढली, तर दादा किती भडकले! "आरं, त्याचा ताट हाय तो!"

मी घरी रोज देवापुढं दिवा लावतो. पण मला बॉयलरपुढं उभं राहिलं की हात जोडावेसे वाटतात. एका पत्र्याच्या अलीकडे आग, पलीकडे पाणी. आग पाण्याला आटवून संपवत नाही, पाणी आगीला विझवत नाही. दोघं मिळून गाडी ओढतात. दादांनी आम्हाला असंच एकत्र ठेवलं.

दादा गेले. त्यानंतरच्या रविवारी आम्ही जमलो, पण भट्टी कुणी पेटवली नाही. जागा आता काकूंची. बोनकोड्यातल्या मोकळ्या जागेचं काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. विचारणारे बिल्डर येऊनही गेले होते. इंजिन राहणार की जाणार? झोप लागत नव्हती. शेवटी ठरवलं, काकूंना संकोचात टाकायचं नाही. इंजिन दुसरीकडे न्यायची परवानगी आपणच मागायची.

परवा शौकतभाई आणि मी गेलो. काकू नळावर बसून दोन्ही फावडी घासत होत्या.

मी म्हटलं, "काकू, ते इंजिनाचं..."

त्यांनी मान वर केली नाही. "सुतक फिटला. घरातली चूल पेटली. हिची कोन पेटवनार?"

त्यांनी पांढऱ्या दांड्याचं फावडं धुऊन माझ्यापुढं ठेवलं.

"माळकरी, वांगी किती आनू, ता बोल."

शौकतभाई तोंड फिरवून डोळे पुसायला लागले. आणि मी, मंडळी, वांगी मोजायला लागलो.

आज पहाटे काकूंनी स्वतःच्या हातानं भट्टी पेटवली. म्हणून इंजिन गरम आहे. ते इथंच राहणार आहे.

आता श्रद्धांजलीसाठी बसलेल्यांनीही उभं राहावं. पण दादांना गप्प बसणं कधी जमलं नाही. तेव्हा आधी शिटी. तिची दोरी दादा दुसऱ्या कुणाला ओढू देत नसत, आज काकू ओढतील. आवाज विरला की मग हात जोडून शांत राहू या. आणि जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही. ब्लोअरपाशी आज मी उभा राहतोय, शौकतभाई नाहीत.

दादा, रामराम.

काकू, ओढा.