मोठ्या अक्षराचं बायबल

जालन्याच्या स्टँडवर म्हातारे मास्तर मोटारीची वाट पाहत बसले होते. शेजारीच, बायबल विकणाऱ्याच्या पेटीपुढं एक नवरा-बायको अडून राहिले होते; त्यांचं बोलणं मास्तरांच्या कानावर येत होतं.

“अगं, उर्दू तर्जुमाच घेऊ, उर्दूत उतरवलेलं. निजामाच्या साळंत मी तेवढंच शिकलो.”

“मंग मी काय निस्ती वरची जिल्द पाहू? मला मराठीच वाचता येतं.”

“म्हंजे तू वाचणार अन् मी ऐकत बसू?”

“आजवर मी ऐकतच आले की.”

“जल्दी बोल, मोटार सुटून राह्यली. तू माहेरी गेलीस तर मला कोन वाचून दाखवंल?”

“तवर शिका.”

“या वयात? कोन शिकवंल?”

“मी. रोज शेजारी बसून, वळीवर बोट ठिवून.”

“...हसशील.”

“न्हाई हसणार.”

“भाऊ, मराठीच द्या. पण बिलकुल मोठ्या अक्षराचं.”