नमस्काराबिगर कागद

बाळांनो, समजा सन दोन हजार आहे आणि तुम्ही केजच्या एका इंटरनेटच्या दुकानात रांगेत उभे आहात. पुढच्या खुर्चीवर सातवीतली रुद्राणी आणि शेजारी तिचे वडील, शेती अवजारांचे दुकानदार धोंडप्पा. फवारणी पंपाची एजन्सी हवी तर पुण्याच्या कंपनीला आजच ईमेल जायला हवा, आणि चारला वीज जाणार. रुद्राणीचा सारा जीव घड्याळात अडकला होता.

“‘बिग बिग थँक्स’ लिही.”

“अप्पा, ‘मेनी थँक्स’ म्हणतात.”

“कावून? आपले आभार लहान हायत का?”

“आपण आभार मानतो, देतो का? तसं इंग्रजीतबी कोणत्या शब्दाची कुणासंगं जोडी, ते ठरलेलं हाय.”

“बैल बदलला तरी औत चालतंय.”

“चालतंय, पण वाकडं! पाच मिनिटं राहिली, अप्पा.”

“बरं. आता वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद लिही.”

“कंपनीच्या सायबाला? असल्या ईमेलात ते लिहीत न्हाईत!”

“ख्यालीखुशाली न पुसता एजन्सी मागायची? तुझ्या आज्यानं असा कागद कधी धाडला न्हाई. सायब म्हणंल, धोंडप्पा लई उर्मट हाय.”

“अप्पा, लाईट जाईल!”

“जाऊ दे! नमस्काराबिगर कागद जायचा न्हाई.”

रुद्राणीने बटण दाबलं. ईमेल गेला आणि पाठोपाठ वीजही गेली.

धोंडप्पा तोंड उघडणार तोच तिने त्यांच्या पिशवीतून कोरं पोस्टकार्ड काढलं, त्यावर कंपनीचा पत्ता लिहिला आणि पेन सरसावून म्हणाली,

“सांगा अप्पा. नमस्कार कुणाकुणाला लिहू?”