बटण लावेपर्यंत

दोन हजार तीन सालची गोष्ट. जानेवारी, खिडकीची काच आतून गोठायची असा हिवाळा — सांगतो, बस. बटण लागेल तेव्हा लागेल. वर जायची घाई आहे? असू दे. वरचा तो कागदवाला पाचला कुलूप लावतो, मला ठाऊक आहे. माझं मशीन या जिन्याखालीच असतं, पंचवीस वर्षं.

तेव्हाही वर हीच पाटी — इथं राहायचे कागद करून मिळतील. माणूस दुसरा, टाय असाच. वकील? कसला वकील! कोऱ्या अर्जावर सही करा, म्हणाला, बाकी मी भरतो. केली. का केली? इथली भाषा वाचता येत नव्हती — आणि ते त्याच्यापुढे कबूल करायचं? मी? त्यानं लिहिलं, अविवाहित. काम लवकर होतं म्हणे. मला कळलं दोन वर्षांनी, बायकोला आणायचा अर्ज केला तेव्हा. सरकारी कचेरीच्या खिडकीतली बाई म्हणाली, तुम्हाला बायकोच नाही, तुमचीच सही आहे. तिच्यासाठी पडदे शिवले होते, निळे — हो, तेच. मागे बघू नकोस. अकरा वर्षं फोनवर संसार केला. मग फोन उचलायला तीच राहिली नाही.

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं. शेजारच्या खोलीत एक वेल्डर राहायचा. विचारायला आला — मामा, वरचा माणूस भरवशाचा आहे ना? मी फसलोय हे तोवर मला कळलेलं होतं. आणि मी म्हटलं, आहे. लाज, दुसरं काय. त्यानंही सही केली, कागद खोटे निघाले, त्याला विमानात घालून परत पाठवलं. जाताना पाया पडला माझ्या.

असा काय बघतोस? बटण कधीच लागलंय. कोट मुद्दाम धरून ठेवलाय, कागद त्याच्याच खिशात आहेत ना? काढ. हं — कोरा, आणि खाली सही! शाबास. ही घे कात्री. सही तुझी, तूच काप. शनिवारी ग्रंथालयात खरी वकीलबाई बसते, फुकट. आधी वकिलीचा परवाना दाखवा म्हण, ती रागवत नाही. वाचता येत नसेल तर तसं सांग. मरत नाही माणूस.

लागलं बघ कुलूप. उतरतोय तो, मान वर करू नकोस. कापलीस?

बटणाचे पैसे? ठेव. वेल्डरचं देणं होतं, फिटलं. जा.